गाडीची डावी बाजू

६ सप्टेंबर

ति. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

फोनवर तू माझं निम्मं बोलणं तोडतेस आणि उरलेलं निम्मं मी तुझ्या धाकाने गिळतो. म्हणून तूच घालून दिलेल्या नियमाप्रमाणे महत्त्वाची बातमी पत्राने कळवतो आहे. उभी असशील तर आधी बस.

मी गाडी घेतली. जुनी आहे, तेरा वर्षांची, पण ज्या घराण्याची आहे त्या घराण्यातली नवी गाडी आपल्याला सात जन्मांत परवडली नसती. गडद निळी, लांबलचक, आतून मऊ चामड्याची. दार नुसतं टेकवलं की उरलेलं ते स्वतः ओढून घेतं, आवाज न करता. आधीचा मालक दातांचा डॉक्टर. किल्ली देताना त्याने माझा हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला. मला वाटलं, माणूस हळवा झाला असेल.

तू विचारशील, निवृत्त नकाशेवाल्याला ही श्रीमंती कशाला. तर ऐक. जन्मभर मी टेबलाशी वाकून रस्त्यांचे नकाशे काढले. वळणं, उतार, पूल, सगळं माझ्या हाताखालून गेलं. प्रत्यक्षात त्या रस्त्यांवरून गेलो तो बसच्या शेवटच्या बाकावर उड्या मारत. आता एकदा तरी माणसासारखं जायचं आहे, आणि स्टिअरिंग माझ्या हातात हवं.

हिने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि एवढंच विचारलं, की ठेवणार कुठे. प्रश्न बरोबर होता. पोर्चमध्ये गाडी पूर्ण मावत नाही, शेपूट बाहेर राहतं.

डिसेंबरच्या सुट्टीत नात आमच्याकडे येईल. तिला आणि हिला घेऊन मी घाट चढून तुझ्याकडे येणार, स्वतः चालवत. वळणांवर पोटातलं पाणीसुद्धा हलणार नाही. त्या एका दिवसासाठीच गाडी घेतली असं समज.

लोभ आहेच, हे पत्र वाचून झाल्यावरही तो शिल्लक असावा.

तुझा,
सरदार

१२ सप्टेंबर

चि. सरदार यास,
अ. उ. आ. हे आशीर्वाद गाडीची बातमी वाचण्याआधी लिहिलेत, म्हणून खोडत नाही.

मी बसूनच होते. तरी आणखी खाली बसावंसं वाटलं.

दातांचा डॉक्टर कुठलीही गोष्ट उगाच उपटून टाकत नाही. त्याने हात धरून ठेवला तो हळवेपणाने नव्हे, तू बेत बदलून पळशील या भीतीने. गाडी घेण्यापूर्वी ती कुणा जाणकाराला दाखवलीस का? नाहीच दाखवली असणार. तू रंग बघितलास आणि दार ओढून घेतं ते बघितलंस.

एक गोष्ट लक्षात ठेव. अशा गाडीची किंमत वयाबरोबर उतरते, तिच्या दुखण्यांची उतरत नाही. ती नवी असताना ज्या माणसाला परवडत होती, त्याच माणसाच्या खिशाच्या मापाचे तिचे सुटे भाग अजूनही आहेत. तुला ती स्वस्तात मिळाली, कारण राहिलेला खर्च तुझ्या नावावर चढला. तेल, टायर, विमा, सगळं मोठ्या घरचं असणार आणि ते आपल्या घरातून जाणार.

बाकी माझं बरं चाललं आहे. पाण्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले तरी लोक अजून बाटल्या घेऊन दाराशी येतात आणि वास घेऊन सांगा म्हणतात. मी त्यांना बाटलीसकट परत पाठवते.

चिमणीला माझा आशीर्वाद सांग. तिने गाडीभोवती एकच चक्कर मारली यात तिचा संयम दिसतो. इतक्या उंच बाईला चिमणी हे नाव तुझ्या सासरच्यांनी काय बघून ठेवलं हे मला अजून कळलेलं नाही.

माया नेहमीइतकीच, राग त्याहून थोडा जास्त.

तुझी,
ताई

२८ सप्टेंबर

ति. ताईस,
सा. न. वि. वि. या वेळी नमस्कार जरा वाकूनच.

तुझं म्हणणं थोडंसं खरं ठरतं आहे, हे मी मोठ्या मनाने कबूल करतो. परवा सकाळी बाहेर येऊन बघतो तर गाडी बसलेली. चाकांवर नव्हे, अक्षरशः बसलेली, डबक्यात म्हैस बसते तशी. मागचा भाग जमिनीला टेकायला आला होता. चालू केल्यावर कण्हत कण्हत उठली.

गॅरेजवाल्याने समजावून सांगितलं, की या गाडीला स्प्रिंगा नाहीत, चार कोपऱ्यांत हवेच्या रबरी पिशव्या आहेत. वयाने रबराला भेगा पडतात, हवा निसटते, आणि ती भरता भरता हवा भरणारा पंपही दमून मरतो. तेव्हा पिशव्या आणि पंप एकदमच बदललेले बरे. मी म्हटलं, बदला. नंतर आकडा ऐकून मीही थोडा बसलो.

शिवाय बॅटरी दर चार दिवसांनी उतरते. गाडीत म्हणे पन्नासेक छोटे संगणक आहेत आणि त्यातला कुठला तरी एक झोपत नाही. इंजिनाच्या पाण्याचा प्लॅस्टिकचा जोड हातात तुकडे होऊन आला. छताच्या काचेची नळी तुंबली म्हणून पाऊस झाला की हिच्या पायाशी तळं साचतं. ही आता त्या सीटवर बसताना चपला काढून हातात घेते आणि शेजारचे बघत असले की मुद्दाम घेते.

खरी पंचाईत दिव्यांची आहे. संध्याकाळ झाली की रस्ता दिसत नाही. काचा पिवळ्या पडल्या होत्या, त्या घासून घेतल्या, तरी उजेड नाही. डावीकडचा सेन्सरही मुका आहे, काही जवळ आलं की त्याचा दिवा डाव्या आरशात लागायला हवा. पदपथाला चाक दोनदा घासलं तरी त्याने ब्र काढला नाही. आरसाही डॉक्टरने कसा बसवला होता कोण जाणे, डावीकडचं काही नीट येतच नाही. आता दिवे पूर्णच नवे बसवतो.

माझ्या नजरेचं म्हणशील तर सुट्या भागावरचा मुंगीएवढा नंबर मी चष्म्याशिवाय वाचला. गॅरेजवाला भिंग शोधत होता. नकाशेवाल्याची नजर आहे ही.

ममता असू दे, आणि जमलं तर गाडीसाठीही थोडी राखून ठेव.

तुझा,
सरदार

७ ऑक्टोबर

चि. सरदार यास,
अ. उ. आ. पूर्ण, काटछाट न करता, कारण तुला त्यांची गरज दिसते.

हवेच्या पिशव्या, पंप, पाण्याचा जोड हे पटलं. रबर आणि प्लॅस्टिक म्हातारं होणारच, त्यात रागावण्यासारखं काही नाही. बॅटरीचंही समजलं. छताच्या नळीसाठी गॅरेजला पैसे घालवू नकोस; लवचीक तार मऊ टोकाने आत घाल आणि हळूच फिरव.

पण दिव्यांची भानगड मला समजली नाही. काचा घासल्यावर उजेड थोडा तरी वाढायला हवा होता. आम्ही प्रयोगशाळेत एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवायचो. एका वेळी एकच बदल करायचा, आणि काही करण्याआधी कोरी चाचणी घ्यायची. म्हणजे नमुना न घालता नुसतं शुद्ध पाणी यंत्रातून काढायचं. त्यातही दोष दिसला तर दोष पाण्यात नाही, यंत्रात आहे. कितीतरी गावांच्या विहिरी आम्ही अशा निर्दोष सोडल्या.

तेव्हा दिवे बसवलेस की फक्त एवढंच कळव, की फरक पडला का. मधल्या काळात आणखी काही बदलू नकोस. आणि संध्याकाळी गाडी काढू नकोस. तुला रस्ता दिसत नसेल तर तो दिव्यांमुळे दिसत नाही की कशामुळे, हे समोरून येणाऱ्याला सारखंच आहे.

तुझी काळजी करत नाही असं मी सगळ्यांना सांगते. तू तरी त्यावर विश्वास ठेवू नकोस.

तुझी,
ताई

२० ऑक्टोबर

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

दिवे बसले. आपल्या पहिल्या स्कूटरची किंमत एका डोळ्याला, असा हिशेब पडला. फरक काहीच नाही. गॅरेजवाला म्हणतो, की काका, भिंतीवर उजेड बघा, भर दुपारसारखा पडतो आहे. भिंतीवर पडतो हे मलाही दिसतं, रस्त्यावर का पडत नाही हे त्याने सांगावं. मग माझ्या लक्षात आलं, की समोरची काच किंचित रंगीत आहे. तीही बदलली. तू एका वेळी एकच बदल म्हणाली होतीस, तर मी एकामागून एकच केला.

घराच्या फाटकाचा खांब डाव्या दाराला लागला. दार आता स्वतः ओढून घेत नाही, हिला खांदा लावून ढकलावं लागतं. आपल्या पाठीच्या दुखण्याला हा चांगला व्यायाम आहे असं ती म्हणते, पण तिच्या आवाजावरून ती गंमत करत होती असं वाटलं नाही.

आणखी एक झालं, तुझ्यापासून लपवत नाही. मंडईच्या चौकात वळताना डावीकडून एक सायकलवाली बाई एकदम उगवली. एकदम म्हणजे एकदम, जमिनीतून आल्यासारखी. ही किंचाळली म्हणून ब्रेक लागला. बाई पडली नाही, पण तिने खाली उतरून माझ्या वयाचा मान न ठेवता माझी जी पूजा बांधली ती सगळ्या चौकाने ऐकली. तिचं म्हणणं, ती कधीची घंटी वाजवत माझ्या शेजारून चालली होती. चूक माझी नाही. या गाडीचा काचेशेजारचा खांब इतका जाड आहे, की त्यामागे अख्खं माणूस लपतं. मोठ्या गाड्यांचा हा दोषच आहे, मी वाचलं आहे.

डिसेंबरचा बेत पक्का. नातीला कळवलं आहे. ती पुढे बसणार म्हणते.

आहे तो लोभ वाढवू नकोस, कमी मात्र करू नकोस.

तुझा,
सरदार

२६ ऑक्टोबर

चि. सौ. चिमणीस,
अ. उ. आ.

हे पत्र तुझ्या नावाने वेगळं पाठवते आहे. चोरून वाचण्यासारखं काही नाही, पण आधी तू एकटीने वाच.

सरदाराची गेल्या दोन महिन्यांची पत्रं मी काल समोर मांडून बसले. गाडीची दुखणी दोन जातींची आहेत. एक जात अशी, की गाडी कुणीही चालवली तरी ती होणारच: हवा निसटणं, बॅटरी, गळणारं पाणी. दुसरी जात फक्त तो चालवत असताना दिसते: उजेड नाही, आरसा वाईट, सेन्सर मुका, आणि जे काही लागलं ते डावीकडे. एकदाही उजवीकडे नाही. सायकलवाली बाई तर घंटी वाजवत होती.

मला तीन गोष्टी सांग. नवे दिवे तुला शेजारी बसून कमी वाटतात का? गॅरेजवाला तिन्हीसांजेला ती गाडी चालवतो तेव्हा तो काही म्हणतो का? आणि घरात, गाडी सोडून, सरदार डाव्या बाजूला कुठे धडपडतो का?

माझा अंदाज चुकला तर मला फार आनंद होईल, आणि तसं मला फारसं कधी होत नाही. चुकला नसेल, तर डिसेंबरात तो त्या घाटात गाडी घालणार आहे, आणि घाट चढताना दरी डावीकडे आहे. नात शेजारी बसणार आहे.

सांभाळून राहा, आणि उशीर करू नकोस.

तुझी,
ताई

२ नोव्हेंबर

ति. वन्संना,
चिमणीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं आणि पुन्हा वाचायचं धाडस झालं नाही. तुमच्या क्रमानेच उत्तर देते.

दिवे लख्ख आहेत. मला समोरच्या मांजराचे डोळेसुद्धा दिसतात. मी तसं म्हटलं तर हे म्हणाले, की तुला मांजरं दिसणारच. गॅरेजवाल्याला मी मुद्दाम सहाच्या सुमारास एक चक्कर मारायला लावली आणि मागे बसले. त्याने सगळं तपासून सांगितलं, की सेन्सरचा दिवा व्यवस्थित लागतो, आरसा ठीक आहे, आणि काकू, मी काकांना दिवे बदलू नका म्हणून दोनदा सांगितलं होतं. मग मान खाली घालून म्हणाला, की काकांना ऐकून घ्यायची सवय नाही. मी म्हटलं, ते मला लग्नानंतर आठवड्याभरात कळलं होतं.

तिसरी गोष्ट. जेवताना ह्यांच्या हाताने पेला सांडायचा. आधी महिन्यातून एकदा, मग जवळजवळ रोज. मी चिडायचे. तुमचं पत्र वाचल्यावर ताटं घ्यायला गेले आणि माझ्या हातून पेला ह्यांच्या उजवीकडे ठेवला गेला. वन्सं, मी तो तिथे कधीपासून ठेवायला लागले ते मला आठवेना. मोलकरणीने डावीकडे ठेवला तर मी न बोलता उचलून उजवीकडे आणते. दाराची चौकट ह्यांच्या डाव्या खांद्याला लागते म्हणून मी तिथलं स्टूल हलवलं, तेही असंच. माझ्या हातांना कळलं होतं, मला नव्हतं.

गाडी मला चालवू देत नाहीत. रोपवाटिकेचा टेम्पो मी वर्षानुवर्षं चालवला, खताची पोती भरून, चिखलातून. पण ही गाडी मला झेपणार नाही असं ह्यांचं मत आहे.

पुढे काय करायचं ते तुम्हीच सांगा. माझं ते ऐकणार नाहीत. तुमचंही ऐकणार नाहीत, पण तुमचं वाचतील.

तुमची,
चिमणी

८ नोव्हेंबर

चि. सरदार यास,
अ. उ. आ.

हे पत्र तुला आवडणार नाही. शेवटपर्यंत वाच.

तुझे दिवे चांगले आहेत. आधीचेही चांगले होते. काच, आरसा, सेन्सर आणि तो जाड खांब, सगळे निर्दोष आहेत. मला वाटतं तुझ्या नजरेच्या कडा जात आहेत, आणि डावीकडची जास्त गेली आहे. चिमणीला मी विचारलं आणि तिने खरं सांगितलं; तिच्यावर रागावायचं असेल तर आधी माझ्यावर रागाव, मी मोठी आहे.

मुंगीएवढा नंबर तू वाचतोस हे मला मान्य आहे. तिथेच तर फसगत होते. मधलं शेवटपर्यंत स्वच्छ राहतं आणि कडेकडेने कमी होत येतं. दुखत नाही, अंधार दिसत नाही, नुसतं तिथे काही नाही असं वाटतं. ज्याची नजर साधी आहे तो डॉक्टरकडे जातो. तुझी नजर नावाजलेली, म्हणून तू तिला सोडून उरलेलं सगळं बदलत बसलास.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. नुसती अक्षरं वाचून दाखवून परत येऊ नकोस, ती तू सगळी वाचशील. डोळ्यांतला दाब बघायला सांग आणि कडेची नजर तपासायला सांग. तोपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. घाटाचा बेत मी मोडलेला नाही, फक्त तू ती गाडी चालवत असशील तर माझं दार बंद असेल.

माझा अंदाज खोटा निघाला तर तुझ्या दिव्यांचे पैसे मी भरेन आणि सगळ्यांसमोर माफी मागेन. ते बघायला तरी जा.

एवढं कडक दुसऱ्या कुणाला लिहिलं नसतं.

तुझी,
ताई

१४ नोव्हेंबर

ति. ताईस,
नमस्कार.

पत्र मिळालं. मी लहान मूल नाही. बायकोला माझ्यामागे पहाऱ्याला बसवणं तुला शोभलं नाही. ज्या नजरेने मी केसाएवढ्या जाडीची रेष ओढली, ती मला ठाऊक आहे. गाडी घेतली तेव्हापासून तुम्हा दोघींना ती खुपते आहे, तेच बोला सरळ.

डॉक्टरकडे जाईन, ते तुझी माफी ऐकायला.

सरदार

२४ नोव्हेंबर

ति. वन्संना,
चिमणीचा सा. न. वि. वि.

आज गेलो. हे काही पत्र लिहायला बसणार नाहीत, म्हणून मीच लिहिते.

डॉक्टरीण बाई वयाने आपल्या लेकीएवढी. ह्यांनी खालच्या ओळीपर्यंत सगळी अक्षरं धडाधड वाचली आणि माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच नापास झाले. मग तिने दाब बघितला आणि तिचा चेहरा बदलला. त्यानंतर एका यंत्रापुढे बसवलं. आत इथे तिथे उजेडाचे ठिपके लुकलुकतात, दिसला की बटण दाबायचं. मी बाजूला बसले होते. बटणाचा आवाज येई, मग बराच वेळ येत नसे. मला वाटलं, ठिपके थांबले असतील.

कागद बाहेर आला तर कडेचा भाग काळा, डावीकडे जास्त. ह्यांनी तो नकाशा बघावा तसा नीट बघितला आणि म्हणाले, की यंत्र बिघडलेलं आहे, दुसरं आहे का? ती नाही म्हणाली. मग तुमचा भाऊ काय म्हणाला ऐका. म्हणाले, की मग कोरी चाचणी घ्या. ह्याच यंत्रावर, ह्याच खोलीत, हिची घ्या.

डॉक्टरीण बाईंना कळेना. मला कळलं. मी बसले. वन्सं, ठिपके सगळीकडे होते, वर, खाली, दोन्ही बाजूंना, थांबतच नव्हते. माझं बटण सारखं वाजत होतं आणि हे मागे उभे राहून ते ऐकत होते. एकदा मला वाटलं, काही ठिपके सोडून द्यावेत. सोडले नाहीत. तुम्ही असतात तर तुम्हीही सोडू दिले नसते.

माझा कागद स्वच्छ पांढरा आला. ह्यांनी दोन्ही कागद शेजारी धरले, खूप वेळ. मग स्वतःच घडी घालून खिशात ठेवले आणि डॉक्टरीण बाईंना म्हणाले, की यंत्र ठीक आहे.

काचबिंदू आहे. गेलेलं परत येत नाही. उरलेलं थेंबांनी टिकेल, रोज वेळेवर घातले तर, असं ती म्हणाली. गाडी चालवायची नाही हे तिने सांगण्याआधी ह्यांनी किल्ली माझ्या हातात दिली होती. डोळ्यांत औषध घातल्यामुळे तसंही दिसत नव्हतं, असं म्हणाले. परत येताना मी चालवली. हे खिडकीकडे तोंड करून बसले होते. मी रडले नाही, कारण मला रस्ता बघायचा होता.

तुम्ही चटकन काही कडक लिहू नका.

तुमची,
चिमणी

५ डिसेंबर

ति. ताईस,
सा. न. वि. वि. हा पूर्ण वाकून.

तुझं माफी मागणं हुकलं. ऐकायला मला फार आवडलं असतं.

चिमणी म्हणते, तू मुद्दाम काही लिहिलं नाहीस. त्याबद्दल आभार. पहिले काही दिवस मी अंगणात खुर्ची टाकून गाडीकडे बघत बसलो होतो. आता मला कळतं, की मी तिच्यावर किती आळ घेतले. दिवे, काच, आरसा, बिचारी सगळं मुकाट्याने बदलून घेत राहिली. तिची खरी दुखणी वेगळीच होती आणि ती तिने कधी लपवली नव्हती.

मग ठरवलं, विकून टाकू. हिला म्हटलं, गाडी दलालाकडे घेऊन चल, मी शेजारी बसतो. तो शहराच्या दुसऱ्या टोकाला. हिचा हात टेम्पोवर बसलेला. उजवी बाजू चोख, डावीकडे मात्र ही लांबलचक गाडी कुठे संपते तेच हिला कळेना. पुलाखालच्या अरुंद रस्त्यावर ट्रक समोर आला आणि ही घाबरून थांबली. मागे सगळे भोंगे वाजवायला लागले. मला डॉक्टरीण बाईंनी सांगितलं आहे, की कडेचं दिसणार नाही, तेव्हा मान पूर्ण वळवून बघायची सवय करा. मी मान वळवली, काच खाली केली आणि कठड्याकडे सरळ बघितलं. सरळ बघितलेलं मला अजून केसाएवढंही दिसतं. मी हिला सांगितलं, वीतभर जागा आहे, ये. मग चार बोटं, ये. आता सरळ कर. कठड्याला न लागता निघालो. ट्रकवाल्याने मान बाहेर काढून हिला सलाम ठोकला.

त्यानंतर ही वळणावर मला न विचारता विचारायला लागली. म्हणजे नुसतं हं म्हणते, आणि मी सांगतो. मी सांगितलेलं तिने एकदाही पुन्हा स्वतः बघून ताडून घेतलं नाही.

दलालाने जी किंमत सांगितली त्यात नव्या दिव्यांची जोडीही आली नसती. त्याने गाडीत नेमकं काय काय नवं आहे ते विचारलं आणि मी सांगितल्यावर त्याने, दिवेसुद्धा का, असं दोनदा विचारलं. आम्ही तशीच गाडी वळवून घरी आणली. येताना ही गात होती.

घाटाचं मी विचारत नाही. स्टिअरिंग माझ्या हातात नाही, तेव्हा तुझ्या दाराचं काय ते तू ठरव. नात तारखा विचारते आहे.

माझ्यावरचा राग निवळला असेल तर उरलेली जागा लोभाला दे.

तुझा,
सरदार

११ डिसेंबर

चि. सरदार व चि. सौ. चिमणी यांस,
अ. उ. आ. दोघांना सारखेच, भांडू नका.

गाडी ठेवा. दलालाच्या पदरात फुकट टाकण्यापेक्षा ती आहे तशी चालवा, पण काही नियमांनी. हवेच्या पिशव्या आणि पाण्याचे जोड यांवर खर्च करायचा, कारण त्यांवर जीव अवलंबून आहे. दार स्वतः ओढून घेत नाही ते तसंच राहू द्या, हाताने लावायला येतं. छताची काच कायमची बंद करा. चार दिवस गाडी काढायची नसेल तर बॅटरीची तार सोडून ठेवा, मग न झोपणारा संगणक झोपेल. निघण्याआधी टायर आणि ब्रेक दाखवून घ्या. घाटात गाडी तापली तर थांबा, ऐटीसाठी पुढे जाऊ नका. थेंब प्रवासातही वेळेवर. बाटली चिमणीजवळ नको, सरदाराच्या खिशात हवी. त्याचे डोळे आहेत, त्याने सांभाळावेत.

नात मागे बसेल. पुढे बसायचं म्हणून रुसली तर मला सांगा, मी तिला एक पत्र लिहीन. पुढची जागा कामाच्या माणसाची आहे.

वरची खोली झाडून घेतली आहे. अंथरुणं उन्हात घातली. सकाळी उजेडात निघा म्हणजे दुपारपर्यंत पोचाल.

आता माझ्या गल्लीचं. वळल्यावर उजवीकडे घरांचे ओटे आहेत, ते चिमणीला दिसतील. डावीकडे शाळेची दगडी भिंत शेवटपर्यंत आहे, आणि शेवटी ती थोडी आत येते. पाण्याचा टँकरवालासुद्धा तिथे रोज घासतो. तुमची गाडी आत घेताना भिंतीपाशी उभा राहशील का, असं मी परवा त्या टँकरवाल्याला विचारलं होतं. तो हो म्हणाला होता.

काल त्याला निरोप पाठवला, की येऊ नकोस. आमचा माणूस डावीकडे बसलेला असेल.

वाट बघते.

तुमची,
ताई